उंदराच्या स्तनग्रंथीची स्लाइड वाचायला शिकताना: आधी वय, मग हार्मोन, मग जनुक

प्रयोगशाळेत नवा विद्यार्थी आला की पहिल्या महिनाभरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "या नॉकआउट मादीची ग्रंथी वाढलेली नाही, म्हणजे हे जनुक ग्रंथीच्या वाढीला लागतं." (नॉकआउट म्हणजे एखादं जनुक मुद्दाम निकामी केलेला प्राणी.) वाक्य चूक नसतं, पण त्यातून हाती काही लागतही नाही. ग्रंथी नेमकी कधी अडली? जनुक ग्रंथीच्या पेशीत लागतं, भोवतालच्या चरबीत लागतं, की थेट अंडाशयात किंवा पिट्युटरीत, म्हणजे मेंदूखालच्या हार्मोन-ग्रंथीत? या तीन ठिकाणांपैकी कुठेही बिघाड झाला तरी स्लाइडवर जवळजवळ एकच चित्र दिसू शकतं. ती चित्रं वेगळी कशी ओळखायची, ते मी ज्या क्रमाने शिकवते त्याच क्रमाने इथे लिहिते आहे.

उंदराची स्तनग्रंथी या अभ्यासाला इतकी सोयीची का, हेही सुरुवातीलाच सांगते. यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस यांची बांधणी बहुतांशी जन्माआधीच उरकते. स्तनग्रंथीचं बरंचसं काम जन्मानंतर होतं, तेही हार्मोनच्या तालावर. ती कातडीखालीच असते, पसरून काचेवर सपाट ठेवता येते आणि एका मादीतून काढून दुसरीत रुजवताही येते.

पायरी १: ग्रंथी ओळखा

मादीला ग्रंथींच्या पाच जोड्या असतात, तीन छातीकडे आणि दोन मांडीच्या सांध्याकडे. रोजच्या कामात चौथी जोडी वापरतात. ती मोठी असते, सपाट असते आणि छातीच्या ग्रंथींसारखी स्नायूला चिकटून बसलेली नसते. तिच्यात एक लसिकागाठ असते. रंगवल्यावर ती गडद घेवड्यासारखी दिसते आणि पुढच्या सगळ्या मोजमापांचा मैलाचा दगड ठरते.

काम सुरू करण्यापूर्वी संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी हवी. प्राणी कमी लागावेत म्हणून एकाच मादीकडून जास्तीत जास्त माहिती मिळवायची असते. एका बाजूची चौथी ग्रंथी होल माउंटला (अख्खी रंगवून पाहायला), दुसऱ्या बाजूची फॉर्मॅलिनमध्ये काप घेण्यासाठी, आणि छातीकडची एखादी आरएनए-प्रथिनासाठी असं वाटप आधीच कागदावर लिहून ठेवा. आरएनएसाठी चौथी ग्रंथी घेणार असाल तर लसिकागाठ आधी काढून टाका, नाहीतर निम्मं उत्तर लिम्फोसाइटचंच येईल.

पायरी २: भ्रूणातला भाग समजून घ्या

भ्रूणाच्या साडेदहाव्या दिवसाच्या सुमारास दोन्ही कुशींवर दुग्धरेषा उमटते. साडेअकराव्या दिवसापर्यंत तिच्यावर पाच जोड्यांचे प्लॅकोड, म्हणजे जाडसर ठिपके, दिसू लागतात. ते पुढे आत रुतून कळ्या होतात आणि जन्माच्या सुमारास प्रत्येक कळीतून नलिकांचं, थोड्याशा फांद्यांचं छोटं झाड तयार झालेलं असतं. एवढ्या कामाला आईची किंवा पिल्लाची स्त्री-हार्मोन लागत नाहीत. इथे राज्य असतं स्थानिक प्रथिनांचं: संकेत देणारी डब्ल्यूएनटी आणि एफजीएफ, आणि जनुकं चालू-बंद करणारं टीबीएक्स३. एफजीएफ१० नसलेल्या भ्रूणात फक्त चौथ्या जोडीचा प्लॅकोड उमटतो, बाकी चार जोड्या येतच नाहीत. यातून नवख्याने एक गोष्ट घ्यावी. पाचही जोड्या एकसारख्या दिसत असल्या तरी त्यांचे नियम थोडे वेगळे असतात, म्हणून चौथीची तुलना नेहमी चौथीशीच करायची.

भ्रूणातल्या आणखी एका घटनेपाशी मी प्रत्येकाला थांबवते, कारण पुढे सगळीकडे दिसणारी युक्ती इथे पहिल्यांदा दिसते. नर उंदराला स्तनाग्रं नसतात. कळी नरातही उमटते, पण पुढे तुटते. कळीच्या पेशी पीटीएचआरपी नावाचं प्रथिन सोडतात आणि ते भोवतालच्या मेसेनकाइमला, म्हणजे कळीभोवतीच्या सैल पेशींना, सांगतं की अँड्रोजनचा (नर-हार्मोनचा) रिसेप्टर, म्हणजे हार्मोन ओळखणारं प्रथिन, तयार ठेव. नराच्या वृषणातून १४व्या दिवसाच्या सुमारास टेस्टोस्टेरॉन येऊ लागलं की हाच मेसेनकाइम कळीच्या मानेभोवती दाटतो आणि तिला कातडीपासून तोडतो. म्हणजे हार्मोनचा परिणाम कळीवर दिसतो, पण ऐकणारी पेशी शेजारची असते. १९७६ साली क्रातोखविल आणि श्वार्ट्झ यांनी अँड्रोजनला दाद न देणाऱ्या उंदरांचा मेसेनकाइम आणि साध्या उंदरांची कळी, मग याच्या उलट, अशा जोड्या लावून हे दाखवून दिलं. मेसेनकाइम बहिरा असला की कळी वाचते.

"परिणाम एकीकडे, कान दुसरीकडे" हे सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पायरी ३: होल माउंट करा

मादी जितक्या दिवसांची आहे तो आकडा आधी लिहा, मगच कात्री हातात घ्या. ग्रंथी अख्खी काढून काचेच्या स्लाइडवर तिच्या मूळ आकारात पसरा. ओढून ताणू नका, कारण ताणलेल्या ग्रंथीत नलिकांची लांबी खोटी येते. काही मिनिटं तशीच ठेवली की ती काचेला धरते.

मग कार्नॉय द्रावण: ६ भाग अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोल, ३ भाग क्लोरोफॉर्म, १ भाग ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड. हे काम फ्यूम हुडखालीच करायचं. तरुण मादीच्या पातळ ग्रंथीला दोन ते चार तास पुरतात, गाभण मादीच्या जाड ग्रंथीला रात्रभर द्या. त्यानंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये पंधरा मिनिटं, मग हळूहळू पाणी वाढवत शुद्ध पाण्यात.

रंग कार्माइन अ‍ॅलमचा. १ ग्रॅम कार्माइन आणि २.५ ग्रॅम पोटॅशियम अ‍ॅलम ५०० मिलि पाण्यात वीस मिनिटं उकळायचं, गाळायचं आणि बुरशी येऊ नये म्हणून थायमॉलचा एक खडा टाकून फ्रिजमध्ये ठेवायचं. ग्रंथी यात रात्रभर राहते. दुसऱ्या दिवशी ७०, ९५ आणि १०० टक्के अल्कोहोलमधून पंधरा-पंधरा मिनिटं, आणि शेवटी झायलीन. झायलीनमध्ये चरबी पारदर्शक होते आणि लालसर जांभळं झाड एकटं उभं राहतं. माझ्या मते जीवशास्त्रातल्या सुंदर दृश्यांपैकी हे एक आहे. इतक्या वर्षांनीही नवी स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली सरकवताना मी क्षणभर नुसतीच पाहत बसते.

चरबी ढगाळ राहिली तर बहुतेक वेळा शंभर टक्के अल्कोहोलमध्ये पाणी शिरलेलं असतं. ताजं अल्कोहोल घेऊन तिथपर्यंत मागे जा आणि पुन्हा झायलीनमध्ये या. स्लाइड वाया जात नाही.

पायरी ४: पाच आठवड्यांची स्लाइड वाचा

तिसऱ्या आठवड्यापर्यंत झाड शरीराच्या बरोबरीने, सावकाश वाढतं. मग मादी वयात येऊ लागते आणि नलिकांची टोकं फुगतात. या फुगीर टोकांना टर्मिनल एंड बड म्हणतात, बोलताना सगळे टीईबीच म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली ती गदेच्या डोक्यासारखी दिसतात, मागच्या नलिकेपेक्षा स्पष्ट जाड. काप घेतला तर बाहेर कॅप पेशींचा एक थर आणि आत अनेक थरांच्या बॉडी पेशी दिसतात. हीच टोकं चरबीत पुढे घुसत जातात, दिवसाला साधारण अर्धा मिलिमीटर, आणि मधूनमधून दुभंगतात. दहा ते बारा आठवड्यांत झाड चरबीच्या गादीच्या कडेला पोचतं आणि टीईबी नाहीसे होतात. म्हणून टीईबी मोजायचे तर पाच-सहा आठवड्यांच्या मादीत. बारा आठवड्यांच्या मादीत ते नसणं हा दोष नाही, ते काम पूर्ण झाल्याचं लक्षण आहे.

मोजायचं काय? लसिकागाठीच्या मध्यापासून सर्वात पुढच्या टोकापर्यंतचं अंतर, आणि टीईबींची संख्या. पाच आठवड्यांच्या निरोगी मादीत टोकं साधारण गाठीच्या आसपास किंवा थोडी पुढे असतात. हे उंदराच्या वाणानुसार बदलतं, म्हणून तुलना सख्ख्या बहिणींशीच करा.

आता ही टोकं पुढे कोण ढकलतं ते पाहू. अंडाशयातून इस्ट्रोजेन येतं. ईआर-अल्फा हा रिसेप्टर नसलेल्या मादीत झाड जन्माच्या वेळी होतं तसंच खुरटलेलं राहतं. इस्ट्रोजेन वाढणाऱ्या पेशीलाच "वाढ" म्हणत असेल, असं सहज वाटतं. पण रिसेप्टर असलेल्या पेशी आणि विभाजन होणाऱ्या पेशी बहुतेक वेगवेगळ्या असतात. २००६ साली एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध झाला. ईआर-अल्फा नसलेल्या पेशी एकट्या रुजवल्या तर झाड वाढत नाही, पण साध्या पेशींत मिसळून रुजवल्या तर त्याही वाढतात आणि नलिकेत आपली जागा घेतात. शेजारणीने ऐकलं तरी त्यांचं भागतं.

शेजारीण ऐकून काय करते? अँफिरेग्युलिन तयार करते. हे प्रथिन पेशीच्या अंगाला चिकटलेलं असतं. अ‍ॅडॅम१७ नावाचं एन्झाइम ते कापून सुटं करतं. सुटं झालेलं अँफिरेग्युलिन नलिकेबाहेरच्या स्ट्रोमात, म्हणजे भोवतालच्या आधार-ऊतीत, जातं आणि तिथल्या पेशींवरच्या ईजीएफ रिसेप्टरला भेटतं. मग स्ट्रोमाकडून एफजीएफसारखे घटक परत नलिकेकडे येतात आणि टोक पुढे सरकतं. नलिकेतून बाहेर, बाहेरून पुन्हा आत, असा निरोपाचा फेरा आहे. याच्या जोडीला पिट्युटरीचं ग्रोथ हार्मोन स्ट्रोमात आयजीएफ१ वाढवतं. ते नसेल तर इस्ट्रोजेन असूनही टोकं नीट फुगत नाहीत.

म्हणून खुरटलेलं झाड दिसलं की संशयितांची यादी लांबच असते: अंडाशय, ग्रोथ हार्मोन, ईआर-अल्फा, अँफिरेग्युलिन, अ‍ॅडॅम१७, स्ट्रोमातला ईजीएफ रिसेप्टर. स्लाइड यांतलं एकही नाव सांगत नाही. ती फक्त वेळ सांगते.

पायरी ५: माज तपासा

ही पायरी बहुतेक लेखी पद्धतींत एका ओळीत उरकलेली असते, आणि मी इथेच फसले होते. दहा आठवड्यांच्या दोन बहिणी होत्या, एक साधी आणि एक नॉकआउट. नॉकआउटच्या झाडाला आडफांद्या भरपूर, साधीला मोजक्याच. मी तीन आठवडे त्या जनुकाभोवती कहाणी रचत बसले. नंतर जपून ठेवलेले योनीचे स्मिअर (काचेवर पसरलेल्या पेशी) पाहिले तर एक माजावर होती आणि दुसरी डायेस्ट्रसमध्ये, म्हणजे दोन माजांमधल्या अवस्थेत. पुढे चक्राची अवस्था जुळवून माद्या घेतल्या आणि फरक विरून गेला.

उंदराचं चक्र चार ते पाच दिवसांचं असतं. प्रोजेस्टेरॉन वाढलेलं असतं तेव्हा, म्हणजे डायेस्ट्रसमध्ये, आडफांद्या आणि छोट्या कूपिका (पुढे दूध करणाऱ्या पिशव्या) फुटतात. पुढे त्या मागे हटतात. ग्रंथी काढण्याच्या दिवशी योनीचा स्मिअर घ्या. केंद्रक असलेल्या गोल पेशी म्हणजे प्रोएस्ट्रस, केंद्रक नसलेल्या खवल्यासारख्या पेशी म्हणजे माज, पांढऱ्या पेशींची गर्दी म्हणजे डायेस्ट्रस, आणि सगळ्यांची सरमिसळ म्हणजे मेटेस्ट्रस. माद्या नराशिवाय गटाने ठेवल्या तर त्यांचं चक्र मंदावतं. नराच्या पिंजऱ्यातला थोडा भुसा त्यांच्या पिंजऱ्यात टाकला की वासाने चक्र सुरू होतं आणि बऱ्याच जणी तिसऱ्या दिवसाच्या सुमारास माजावर येतात.

वाणाचंही लक्षात ठेवा. बॅल्ब-सी मादीच्या झाडाला सी५७-ब्लॅक-६ मादीपेक्षा मुळातच जास्त आडफांद्या असतात. मिश्र वाणाच्या माद्यांत हा फरक सहज जनुकाच्या नावावर खपतो.

पायरी ६: गाभण मादीची ग्रंथी

योनीत प्लग (समागमानंतर घट्ट झालेल्या वीर्याचा बोळा) दिसला तो गाभणपणाचा अर्धा दिवस धरतात, आणि १९ ते २१ दिवसांत मादी विते. या काळात चरबीची गादी भरत जाते. आधी आडफांद्या, मग त्यांच्यावर द्राक्षाच्या घडासारख्या कूपिका. आडफांद्यांचं काम मुख्यतः प्रोजेस्टेरॉनचं. त्याचा रिसेप्टर नसेल तर नलिका नीट वाढतात, पण आडफांद्या आणि कूपिका येत नाहीत. इथेही निरोप शेजारणीमार्फतच जातो. रिसेप्टरवाली पेशी रँक-लिगँड आणि डब्ल्यूएनटी४ सोडते, आणि विभाजन शेजारच्या पेशीत होतं.

कूपिकांतली पेशी दूध करणारी बनते ती प्रोलॅक्टिनमुळे. प्रोलॅक्टिन रिसेप्टरला भेटलं की जॅक२ नावाचं एन्झाइम जागं होतं आणि स्टॅट५ए या प्रथिनावर फॉस्फेट चढवतं. स्टॅट५ए केंद्रकात जाऊन केसीन आणि व्हे अ‍ॅसिडिक प्रोटीन या दुधातल्या प्रथिनांची जनुकं चालू करतं. एल्फ५ आणि गाटा३ हेही याच वाटेवरचे आवश्यक सोबती. १९९७ साली स्टॅट५एचा नॉकआउट आला. त्या माद्या गाभण राहतात, वितात, पण कूपिका अपुऱ्या राहिल्याने पिल्लं पोसू शकत नाहीत. त्याच वर्षी प्रोलॅक्टिन रिसेप्टरची एकच प्रत असलेल्या माद्यांबद्दलही कळलं. पहिल्या वेताला त्यांना दूध जवळजवळ येत नाही, पुढच्या वेतांना येतं. म्हणून नोंदवहीत "कितवं वेत" हा रकाना हवाच.

पायरी ७: पान्हा आणि आटणं

दूध तयार होणं आणि पान्हा सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिल्लं मेली की लगेच "दूध नाही" असं लिहू नका. नवजात पिल्लाची कातडी इतकी पातळ असते की पोटात दूध असेल तर डाव्या कुशीला पांढरा डाग बाहेरून दिसतो. डाग नसेल तर आईची ग्रंथी पाहा. ऑक्सिटोसिन नसलेल्या मादीत ग्रंथी दुधाने भरलेली असते, पिल्लं चोखत असतात, पण डाग मात्र नसतो. आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं की दूध उतरतं. आणखी एक तपासणी जरूर करा. नॉकआउट आईची पिल्लं साध्या आईकडे आणि साध्या आईची नॉकआउटकडे द्या, म्हणजे दोष चोखणाऱ्याचा की पाजणारीचा ते कळतं. पिल्लांची संख्या सगळ्या आयांकडे सारखी ठेवा आणि रोज वजन करा.

पिल्लं तोडली की दूध आटतं आणि कूपिका मोडू लागतात. पहिले ४८ तास हे परतवता येतं, पिल्लं परत दिली तर दूध पुन्हा सुरू होतं. या टप्प्यात स्टॅट५ मावळतो आणि स्टॅट३ जागा होतो. स्टॅट३ काढून टाकला तर पेशी मरायला उशीर लागतो. नंतरच्या टप्प्यात प्रोटिएझ भोवतालची जाळी तोडतात, चरबी परत भरते आणि झाड जवळजवळ न व्यायलेल्या मादीसारखं दिसू लागतं. तुलना करायची तर सगळ्या पिल्लांना दहाव्या दिवशी एकाच वेळी तोडा आणि तास मोजा. इथे बारा तासांचा फरकही मोठा असतो.

पायरी ८: दोष कोणाचा ते ठरवा

प्रोलॅक्टिन रिसेप्टरचंच उदाहरण घ्या. हा रिसेप्टर नसलेल्या मादीत आडफांद्या कमी दिसतात. सरळ निष्कर्ष निघतो की आडफांद्यांना नलिकेतला हा रिसेप्टर लागतो. पण त्याच मादीची नलिका साध्या मादीच्या चरबीत रुजवली तर आडफांद्या नीट फुटतात, अडतात त्या फक्त कूपिका. कारण प्रोलॅक्टिन अंडाशयातल्या कॉर्पस ल्युटियमलाही, म्हणजे प्रोजेस्टेरॉन करणाऱ्या भागालाही, टिकवून ठेवतं. ते गेलं की प्रोजेस्टेरॉन घटतं आणि आडफांद्या घटतात. एकाच स्लाइडवर दोन दोष एकमेकांवर चढलेले होते, एक अंडाशयाचा आणि एक ग्रंथीचा. रोपणाशिवाय ते सुटे झाले नसते.

रोपणाची पद्धत डीओम आणि सहकाऱ्यांनी १९५९ साली मांडली. तीन आठवड्यांच्या मादीत झाड अजून स्तनाग्रापाशीच असतं, लसिकागाठीपर्यंत आलेलं नसतं. गाठीपर्यंतचा तेवढा भाग, पाचव्या ग्रंथीला जोडणाऱ्या पट्टीसकट कापला की मागे रिकामी चरबीची गादी उरते. तिच्यात बारीकशी खाच करून सुमारे एक मिलिमीटरचा तुकडा ठेवायचा. यजमान, म्हणजे तुकडा घेणारी मादी, त्याच शुद्ध वाणाची किंवा प्रतिकारशक्ती नसलेली हवी. एका बाजूला साध्या मादीचा तुकडा, दुसऱ्या बाजूला नॉकआउटचा. दोन्हींना एकच रक्त, एकच हार्मोन, एकच वय. आठ आठवडे थांबा, कूपिका पाहायच्या असतील तर मग यजमानाला नराकडे ठेवा. रोपण स्तनाग्राला जोडलेलं नसतं, त्यामुळे पिल्लं पोसली जातात का हे त्यावरून कळत नाही.

दुसरा मार्ग क्रीचा, म्हणजे ठरावीक जागी डीएनए कापून जनुक काढणाऱ्या एन्झाइमचा. एमएमटीव्ही, डब्ल्यूएपी किंवा केराटिन-१४ प्रमोटरवरची (प्रमोटर म्हणजे जनुक कुठल्या पेशीत चालू व्हावं ते ठरवणारा डीएनएचा तुकडा) क्री घेऊन फक्त हव्या त्या पेशींत जनुक काढता येतं. डब्ल्यूएपी-क्री मुख्यतः गाभणपणी आणि दूध असताना चालते, म्हणून वयात येण्याच्या प्रश्नाला ती उपयोगाची नाही. एमएमटीव्ही-क्रीच्या काही वाणांत नुसत्या क्रीनेच दूध कमी होतं, तेव्हा "फक्त क्री" असलेल्या बहिणी नियंत्रण गटात असल्याच पाहिजेत.

रोपणातली नॉकआउट बाजू रिकामी निघाली तर लगेच आनंदून जाऊ नका. कापून काढलेला तीन आठवड्यांचा भाग रंगवून ठेवला होता ना? त्याच्या कापलेल्या कडेला नलिकेचं टोक सापडलं, तर यजमानाचंच झाड मागे राहिलं असणार आणि साध्या बाजूला वाढलेलं झाड कदाचित रोपणाचं नसेलच. तो यजमान हिशेबातून वगळा. कड स्वच्छ असेल, साध्या बाजूचं झाड भरलेलं असेल, आणि निदान सहा-सात यजमानांत हेच चित्र दिसलं, तर वहीत "एपिथेलियममध्ये (ग्रंथीच्या स्वतःच्या पेशींत) आवश्यक" असं लिहा आणि पुढच्या आठवड्यात मिसळलेल्या पेशींचं रोपण लावा.